चुलीचं तोंड कुठे होतं?

मा. संपादक,

मे महिना आला की वर्तमानपत्रांत गोव्यातल्या कुर्डीचे फोटो येतात. साळावली धरणाचं पाणी उतरलेलं, गाळाला भेगा पडलेल्या, मध्ये सोमेश्वराचं देऊळ, माडांचे खुंट. ऐंशीच्या दशकात पाण्याखाली गेलेलं हे गाव आमचं. आम्ही वाडे-कुर्डीच्या पुनर्वसन वसाहतीत आलो तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. आता मडगावात राहतो. आई माझ्याकडेच असते, त्र्याऐंशी वर्षांची आहे. आमच्या नळाला साळावलीचंच पाणी येतं. ते दोन दिवस आलं नाही की आई म्हणते, ‘आमचें घर बुडोवन लेगीत उदक ना!’ (आमचं घर बुडवूनसुद्धा पाणी नाही!)

खरं सांगायचं तर इतकी वर्षं माझं तिच्याशी बोलणं म्हणजे ‘जेवली गे? गुळयो घेतल्यो?’ एवढंच. तिचं उत्तरही ठरलेलं, ‘घेतल्यो.’ मध्यंतरी वाटलं, आईला सगळं विचारून घेतलं पाहिजे. म्हणून एका रविवारी मोबाईल समोर ठेवून विचारलं, ‘गाव सोडताना तुला काय वाटलं?’ ती म्हणाली, ‘कितें दिसतलें?’ (काय वाटणार?) आणि पदर नीट करून फोटोला बसल्यासारखी बसली. पुण्याची बहीण व्हिडिओ कॉलवर ‘जुन्या गोष्टी सांग ना’ म्हणाली की अजूनही तेच होतं.

गेल्या मे महिन्यात मात्र वेगळंच घडलं. आम्ही गॅलरीत भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलो होतो. सोलं एका सुपात, बिया भिरंडेलासाठी (कोकमाच्या तेलासाठी) दुसरीकडे. टीव्ही बंद होता (हा वीज खात्याचा उपकार), आणि मी योगायोगाने तिच्या उजव्या बाजूला होतो. डाव्या कानाने तिला जवळजवळ ऐकू येत नाही, आणि जेवताना माझी खुर्ची नेमकी डावीकडे! खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात कुर्डीचा फोटो होता. लाल झालेलं बोट तिने एका खुंटावर टेकवलं. ‘हो माड आमचो न्हय. पलतडच्यांचो.’ म्हणजे पलीकडच्यांचा.

मी विचारलं, ‘मग आपली चूल कुठे? तोंड कुठल्या बाजूला?’

झालं. चूल उगवतीला होती. तिच्या पाठीमागे न्हाणी, न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवायच्या हंड्याखाली) माडाच्या पिड्ड्यांचा, म्हणजे झावळ्यांच्या देठांचा, जाळ. विहिरीवरून शेजारणीशी तीन वर्षं अबोला होता आणि गाव सोडायच्या दिवशी तीच शेजारीण आमच्या तुळशीपाशी येऊन उभी राहिली. दोघी काही बोलल्या नाहीत. आईने तिच्या हातात लोणच्याची बरणी दिली. ‘ट्रकान फुटली आसती,’ एवढंच म्हणाली आणि पुढचं भिरंड फोडलं. वाटलं काय, ते मी विचारलं नव्हतं.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गावात येऊन धरणाबद्दल बोलले होते, त्या दिवसाबद्दलही विचारलं. भाषण तिला आठवत नाही. कुठल्या बाया कुणाच्या ओसरीवर दाटीवाटीने बसल्या होत्या, ते सांगितलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या घराकडे जाणारी वाट बोटाने जमिनीवर काढून दाखवली. एका ठिकाणी तिचं साल चुकलं. मी लगेच फोनवर शोधून बरोबर साल सांगितलं. ‘तर तूंच सांग,’ म्हणाली. त्यानंतर दोन दिवस आम्ही मुकाट्याने भिरंडं फोडली. तेव्हापासून मी फोन आतल्या खोलीत ठेवून येतो.

माझ्या वयाच्या वाचकांना एवढंच सांगेन, आईवडिलांना मोठाले प्रश्न विचारू नका. दार, विहीर, जातं, शेजारी यांचं विचारा आणि हाताला काहीतरी काम असू द्या.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी. फोटो ड्रोनचे असतात, दिसायला सुंदर, पण वरून बघून आईला काही ओळखू येत नाही. यंदा एखादा फोटो जमिनीवरून काढा, जरा मोठा छापा आणि खाली वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, नाव द्या. आई भिंग घेऊन बसते. आमचा माड अजून सापडलेला नाही.

आपला,
कुर्डीचा एक वाचक, मडगाव