३१ तास आणि ४३ तास

तान्हा पोळा,
ता. सेलू, जि. वर्धा

प्रिय फौजी,

तुझा निरोप येऊन दीड महिना झाला. "मास्तर, टोरंटोले पोरीकडे जायाचं हाय, कोन्त्या विमानानं जाऊ?" एवढंच विचारलं होतंस. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. आज पोरं लाकडी बैल घेऊन दारावरून गेली, बोजाऱ्याचे पैसे वाटून झाले, घर निजलं, म्हणून लिहायला बसलो. तब्येती ठीक. हिची शुगर आहे तेवढीच आहे.

आधी विमानाचं. पोराकडे अमेरिकेला जाताना कतारचं होतं, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून थेट दोहा आणि दोहाहून शिकागो. बॅगा नागपुरात दिल्या त्या थेट शिकागोत घेतल्या. नागपूरच्या काउंटरवर हिने बांधलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेवढ्या काढायला लावल्या. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून चालत नाही. लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नको, मोठ्या बॅगेत टाक. दोहाच्या विमानतळावर दिव्याखाली बसलेलं एक पिवळं अस्वल आहे, चार माणसं एकावर एक उभी केली तर त्याच्या टाळूला हात लागेल. ही वर पाहतच राहिली. म्हणाली, "इतकं मोठं खेळणं कोन्या लेकराचं व्हय?" शेजारचा नगरचा माणूस हसून हसून खाली बसला.

शिकागोचं विमान बोईंग ७७७ होतं. एका ओळीत तीन, चार, तीन अशा दहा खुर्च्या. खिडकीशी आत अडकलास तर साडेचौदा तास दोघांना ओलांडून उठावं लागेल. वाटेच्या कडेची जागा आधीच धरून ठेव. पोरानं जेवणात 'एशियन व्हेजिटेरियन' लिहून दिलं होतं, त्यामुळे भात, डाळ, भाजी आम्हाला सगळ्यांच्या आधी आणून दिली. हे निदान एक दिवस आधी कळवावं लागतं, ऐन वेळी मिळत नाही. आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी ठेवलेली असते, म्हणजे जवळजवळ चिखलदऱ्याच्या दुप्पट उंची. वर फार कोरडी. पाय सुजतात. तू त्याहून उंच राहिलास, तुला नवीन नाही, पण वहिनीला दर दोन तासांनी उठवून चालव आणि पाणी पाजत राहा.

येतानाचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं, युरोपातून, स्वस्त पडलं म्हणून काढलेलं. नाव लिहीत नाही. विमान एअरबस ए३३० होतं, खिडकीकडे दोनच खुर्च्या, आम्ही दोघंच. बसायला हे त्या ७७७ पेक्षा चांगलं. पण जेवणाचं सांगायचं राहिलं होतं. हिच्यापुढे चीजमध्ये बुडालेलं काहीतरी आलं. तिनं ते झाकलं आणि सुनेनं दिलेल्या पोळ्या नि तिळाची चटणी काढली. त्यात पहिलंच विमान उशिरा पोचलं आणि पुढचं निघून गेलं. रात्र खुर्च्यांवर काढली. युरोपच्या कंपनीनं अशा वेळी जेवण आणि रात्री राहायची सोय द्यायची असते, तसा तिकडचा कायदाच आहे. पण ते मला घरी आल्यावर पोरानं सांगितलं. काउंटरवरचा माणूस काही बोलला नव्हता. मुंबईत बॅगा उतरवून घ्यायच्या, कस्टम, पुन्हा नागपूरसाठी द्यायच्या.

जाताना आपल्या फाटकापासून पोराच्या दारापर्यंत ३१ तास लागले होते. येताना ४३.

फौजी, मी हे तास का मोजत होतो ते तुला कळेल. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, मास्तरला पोराची आठवण येते.

समोरच्या पडद्यावर नकाशा असतो, त्यावर आपलं विमान. किती वेळ पाहिलं तरी ते जागचं हलत नाही. ही झोपली होती. मी त्या चित्राकडे पाहत राहिलो आणि हिशेब मांडला. उद्या मला काही झालं, पोराला फोन गेला, लगेच तिकीट मिळालं, सगळी विमानं वेळेवर निघाली, तरी ३१ तास. एक विमान चुकलं की ४३. आणि मग १९८८ चा मे महिना आठवला.

तुझे तात्या गेले तेव्हा तू सिक्कीमला होतास. तार केली. वर्ध्याहून बर्फाच्या लाद्या आणल्या, गोणपाट, भुसा, सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच म्हणालो, आता उचला. तू न्यू जलपाईगुडी, हावडा, मग गीतांजली असं करत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आलास. राख पाहिलीस, माझ्याकडे पाहिलं नाहीस. दोन वर्षं बोलला नाहीस. मग बोललास, पण तो विषय आपण दोघांनीही कधी काढला नाही. मी मात्र ज्याला त्याला सांगत आलो, उन्हाळा होता, दुसरा इलाज नव्हता.

इलाज होता. बर्फवाल्याकडे आणखी चार लाद्या होत्या. त्यानं मला विचारलं होतं. मी नको म्हणालो. माणसं कंटाळली होती, पेरणीपूर्वीची कामं पडली होती, आणि मला वाटलं तू काही पोचत नाहीस. हे मी हिलाही सांगितलेलं नाही. ३७ वर्षं झाली.

मला तर पडद्यावर दिसत होतं की किती अंतर उरलं. तुला त्या गाडीत काय दिसत होतं रे?

तात्या अंगणात खाटेवर पडून टपालाचं विमान दाखवायचे ते आठवतं? मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारी दिशांची टपाल रात्री नागपुरात यायची आणि अदलाबदल होऊन पहाटेपर्यंत आपापल्या गावी. १९७३ मध्ये ते बंद झालं तेव्हा तात्या दोन दिवस गप्प होते, जणू त्यांच्याच हातची डाक थांबली. तू म्हणायचास विमानाचा दिवा लाल, मी म्हणायचो हिरवा, त्यावरून एकदा तू मला विहिरीच्या चिखलात लोळवलंस. नातवाच्या पुस्तकात पाहिलं, डाव्या पंखाला लाल असतो, उजव्याला हिरवा. विमान नागपूरला जाताना आपल्या गावातून हिरवा दिसत असणार, परतताना लाल. तू उशिरापर्यंत जागायचास म्हणून तुला लाल दिसला.

तर आता माझं ऐक. माझं काही झालं तर तिथं तू असशील, दुसरा कोणी ठरवणारा नाही. पोरगा विमानात बसला असेल तर थांबायचं. ३१ लागोत की ४३. आता वर्ध्याला फ्रीजरची पेटी मिळते, बर्फ लागत नाही. माणसं कंटाळली तर त्यांना घरी पाठव, तू बस. आणि तुझ्या बाबतीत टोरंटोहून पोरगी निघाली असेल तर मी बसेन. हे मी तुला लिहून देतो.

पोरीला सांग, सगळी विमानं एकाच बुकिंगवर घे, सुटी तिकिटं नकोत. वहिनीच्या गुडघ्यासाठी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच लिहून टाकायला सांग, तिचे पैसे पडत नाहीत आणि सगळीकडे रांगेतून पुढे नेतात. जमलं तर नागपूरहूनच जा. संत्र्याचा आंबिया बहार बरा आहे असं ऐकलं, नातवाच्या मुंजीचं काय ठरलं ते कळव.

उत्तर फोनवर देऊ नको. रागावायचं असेल तर लिहून रागव.

तुझा,
मास्तर