बरोबरीच्या बातमीत दोघांचीही नावे हवीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बुद्धिबळाच्या बातम्यांत ‘अमुक खेळाडूला बरोबरीवर समाधान मानावे लागले’ हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की, ती बरोबरी समोरच्या कोणी मिळवली, हे लिहायचेच राहून जाते. स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करताना पाहिलेला एक डाव सांगतो.

१४८० रेटिंगचा (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारे गुण) अकरा वर्षांचा मुलगा १८५० रेटिंगच्या प्रौढ खेळाडूशी खेळत होता. शेवटी मुलाकडे राजा आणि घोडा, तर समोर राजा, फक्त पांढऱ्या घरांतून फिरणारा उंट आणि ‘जी’ व ‘एच’ पट्टीतली दोन प्यादी उरली. मुलाने घोडा देऊन ‘जी’ प्यादे मारले आणि राजा थेट एच-८च्या कोपऱ्यात नेऊन बसवला. उरलेल्या ‘एच’ प्याद्याला वजीर होण्यासाठी तेच घर गाठायचे होते. ते घर काळे आणि उंट पांढऱ्या घरांतला, त्यामुळे राजाला तेथून हुसकावणे शक्यच नव्हते. बऱ्याच चालींनंतर प्रतिस्पर्ध्याने बरोबरीसाठी हात पुढे केला, तेव्हा स्कोअरशीटवर अर्धा गुण लिहिताना मुलाचा हात कापत होता.

फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या कोष्टकानुसार रेटिंगमधील ३७० गुणांच्या फरकात कमी रेटिंगच्या खेळाडूकडून डावामागे जेमतेम ०.१० गुणाची अपेक्षा असते. त्याने ०.५० मिळवला, म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.४० जास्त. या फरकाला ज्याने गुणून रेटिंग बदलते, तो गुणक १८ वर्षांखालील मुलांसाठी ४० असल्याने रेटिंगमध्ये १६ गुणांची भर पडली, तर गुणक २० असलेल्या प्रतिस्पर्ध्याचे ८ गुण गेले. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात त्या प्रौढ खेळाडूची बरोबरी छापून आली. मुलाचे नाव मात्र कोठेच नव्हते.

मार्च २००४ मध्ये आइसलँडमधील रेक्याविक येथे तेरा वर्षांच्या मॅग्नस कार्लसनने जगात अव्वल असलेल्या गॅरी कास्पारोव्हला जलद डावात बरोबरीत रोखले. पुढचा डाव कार्लसन हरला, तरी लोकांच्या स्मरणात राहिला तो पहिला. २०१३ मध्ये चेन्नईत तोच मुलगा जगज्जेता झाला.

दहा-बारा चालींत आपसांत सोडवलेल्या बरोबरीला एक ओळही पुष्कळ आहे. परंतु रेटिंगमध्ये दोनशे-तीनशे गुणांचे अंतर असताना डाव बरोबरीत सुटला असेल, तर दोन्ही नावे, दोन्ही रेटिंग, चालींची संख्या आणि शेवटची स्थिती एवढे तरी आपण छापावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक बुद्धिबळ पंच, सांगली