अण्णांची मापाची वही वाचणाऱ्या वकीलबाईंना

आदरणीय मॅडम,

निकाल लागल्यावर पेढे घेऊन आलो, तेव्हा तुम्ही दुसऱ्या पक्षकाराच्या कागदांत गढलेल्या होतात. अर्धा पेढा तोंडात टाकलात आणि विचारलंत, "अण्णा, मनगटाचा व्यायाम चालू आहे ना?" मनातलं बोलायचं राहूनच गेलं. आज ते लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्यासारखी कितीतरी माणसं आत्ताही दवाखान्याच्या बाकावर बसून असतील.

त्याच बाकावर आम्हाला तो एजंट भेटला होता. टेम्पोने उडवलेले अण्णा आत ऑपरेशनला, आणि हा कोऱ्या वकालतनाम्यावर आईची सही मागत होता. भरपाईतले 25 टक्के त्याचे. वकिलाने भरपाईत वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. तुम्ही फी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलीत.

सुरुवातीची 11 वर्षं तुम्ही विमा कंपनीच्या पॅनेलवर होतात. समोरून कुठला प्रश्न येणार, ते तुम्हाला आधीच माहीत असायचं. एका नातेवाइकांनी महिना 30,000 उत्पन्नाचा दाखला 'करून' आणायचं सुचवलं, तेव्हा तुम्ही फाईल मिटलीत. "खोटा कागद सापडला की खराही कोणी मानत नाही. दुकानात लिहिलेलं काय आहे?" दुकानात होती फक्त मापाची वही. छाती, कंबर, बाही, खाली शिलाई आणि उचल. तीन वर्षांच्या त्या वह्या तुम्ही पानन् पान वाचल्यात, दिवाळी आणि लग्नसराई वेगळी काढलीत आणि महिना 12,000 चा आकडा बसवलात. उलटतपासात तो हलला नाही.

पण माझ्या मनात राहिली ती कात्री. दाखल्यावर अपंगत्व होतं 35 टक्के, आणि कमाईही तेवढीच बुडाली असं टेम्पोच्या विमा कंपनीचं म्हणणं. तुम्ही अण्णांना मोठी कात्री घेऊन ऑफिसात बोलावलंत, टेबलावरच्या फायली खाली ठेवल्यात आणि कापड बेतायला सांगितलंत. दोन वितींवर अंगठा सुटला. कात्री टेबलावर पडली. अण्णा मान खाली घालून उभे. तुम्ही काहीच बोलला नाहीत, पाणी दिलंत, आणि मग कात्री बोटांत कशी बसते, जोर कुठे येतो, हे अर्धा तास त्यांच्याकडून समजून घेतलंत. साक्षीला आलेल्या डॉक्टरांना तुम्ही नेमकं तेच विचारलंत.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल तुम्ही आईलासुद्धा समजेल असा सांगितला होता: शरीराचे टक्के आणि बुडालेल्या कमाईचे टक्के एकच नसतात, त्या माणसाचा धंदा काय ते पाहावं लागतं. अपघात-भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसान 70 टक्के धरलं.

त्याआधी लोकअदालतीत कंपनी 4 लाखांवर तडजोडीला तयार होती, आणि आम्ही थकलो होतो. तुम्ही ना घ्या म्हणालात ना नको. पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडलात: वर्षाचे 1,44,000, त्यात पुढच्या वाढीचे 25 टक्के, वय 47 म्हणून गुणक 13. कमाई पूर्ण बुडाली असती तर 23,40,000. 35 टक्क्यांनी 8,19,000, 70 टक्क्यांनी 16,38,000. "यातलं किती मिळेल याची हमी मी देत नाही. वेळ मात्र लागेल. घरी जाऊन ठरवा." तो कागद आई अजून देवघरात ठेवते.

भरपाईतली निम्मी रक्कम बँकेत ठेव म्हणून आहे. दुकान पुन्हा उघडलंय. अण्णा डाव्या हाताने खडूच्या रेघा मारतात, चुलतभाऊ कापतो.

एक विनंती. तुमच्या काळ्या कोटाची डावी बाही खांद्याशी उसवलीय, हे अण्णांनी पहिल्याच तारखेला पाहिलं होतं. तेव्हा बोलायचा धीर झाला नाही. येत्या शनिवारी ते माप घ्यायला येत आहेत. नाही म्हणू नका.

आपली,
अण्णांची थोरली