जिनिंगमधली मारामारी

चि. माईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पटकथा वाचली. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातल्या, सीनपाशी थांबलो. 'दोघांत तुंबळ हाणामारी होते' एवढं लिहून तू मोकळी झालीस. त्यावरून फाइट मास्टरनं काय बसवायचं आणि निर्मात्यानं खर्च कशाचा धरायचा? एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा या धंद्यातला हिशेब. तीन मिनिटांची मारामारी एका ओळीत कोंबली की तो तिथंच कोलमडतो.

आधी जागा उभी कर. फाटक कुठं, कापसाची गंजी कुठं, सरकी काढणारे रेचे कुठं, गाठी दाबणारा प्रेस कुठं, गाठींची थप्पी किती उंच. वाचणाऱ्याला डावं-उजवं कळलं नाही तर कोण कोणाला घेरतंय हे समजत नाही, आणि मग भीतीही वाटत नाही. नंतर तिथलंच सामान वापर. रुईची गाठ १७० किलोच्या आसपास. ती एकट्याच्यानं उचलत नाही, पण थप्पीवरून सुटली तर खालचा माणूस संपला. हे दहा पानं आधीच दाखवून ठेव, हमाल आकड्यानं गाठ ओढताना. गाठीत ठिणगी शिरली तर वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. शेवटासाठी यापरतं काय पाहिजे? तू मात्र पेट्रोलचा टँकर आणलास!

'डाय हार्ड' (१९८८) परत बघ. विमानातला शेजारी सांगतो, बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटं आवळ, बरं वाटेल. नायक ते करतो, तेवढ्यात हल्ला होतो, आणि तो अनवाणीच पळतो. पुढं खलनायक काचा फोडायला लावतो. पायात घुसलेली प्रत्येक काच त्या साध्या सल्ल्यातून आली आहे.

भाषेसाठी हॉलिवूडचा पटकथाकार वॉल्टर हिल वाच. तोडून लिहितो, विशेषणं जवळजवळ नाहीत. 'लीथल वेपन' लिहिणारा शेन ब्लॅक वाचणाऱ्याशी थेट गप्पा मारतो. वाचायला मजा येते, पण त्याची नक्कल सहसा फसते. तुझ्या सीनला असं चालेल:

गाठ हलते.
धूळ.
तो वर बघतो.
थप्पी सुटते.

क्लोजअप, ट्रॉली काही लिहू नकोस. ओळ तोडली की शॉट आपोआप दिसतो. वर्तमानकाळ ठेव, परिच्छेद चार ओळींच्या वर जाऊ देऊ नकोस. आठ-दहा ओळींत पारडं एकदा तरी फिरलं पाहिजे. नुसते ठोसे मोजले की वाचणारा पानं उलटतो. आणि मार खाताना कोणी लांब भाषण करत नाही, ते दोन्ही संवाद काढ.

कोणाच्याही हाती द्यायच्या आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी कर. नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही, लिहून काढलेल्या मांडणीवर येतो. करारात पैशाचे हप्ते कोणत्या खर्ड्याला किती, ते लिहून घे. श्रेयनामावलीतलं नावही तिथंच पक्कं कर. 'जंजीर'च्या (१९७३) वेळी पोस्टरवर नाव नव्हतं म्हणून सलीम-जावेदना माणूस लावून ते रंगवून घ्यावं लागलं होतं.

जिनिंगचा सीन तेवढा आधी लिहून पाठव. टँकर काढ.

तुझे बाबा