सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा प्रकारही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१९ जूनच्या जागतिक सिकलसेल दिनानिमित्त तपासणी शिबिरांच्या बातम्या दरवर्षी वाचनात येतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवलेले असल्याने भर तपासणीवर असणे स्वाभाविक आहे. मात्र गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया किंवा नंदुरबारमधील ज्याचा अहवाल ‘एसएस’ (म्हणजे केवळ वाहक नव्हे, तर प्रत्यक्ष सिकलसेलचा रुग्ण) आला, त्याच्या दुखण्याची पुढची अनेक वर्षे आपण कशी नोंद घेतो, याची चर्चा फारशी होत नाही.

सिकलसेलमधील दुखणे म्हणजे क्रायसिस, अर्थात अचानक येणारा तीव्र वेदनेचा झटका, असे समीकरण रुग्णांच्या आणि आम्हा वैद्यकीय मंडळींच्याही मनात पक्के बसले आहे. विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यापुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडे व सांधे असह्य ठणकू लागतात; हे खरेच आहे. परंतु असे झटके वर्षानुवर्षे येत राहिले आणि शरीरात दाह कायम राहिला, तर काही रुग्णांमध्ये वेदनेचे संदेश वाहून नेणारी चेतासंस्थाच अतिसंवेदनशील होते. मग क्रायसिस नसतानाही दुखत राहते आणि त्या दुखण्याची जातच निराळी असते. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखी चमक मांडीतून खाली जाते, एखादा भाग बधिर वाटतो आणि त्याच भागाला चादरीचा स्पर्श किंवा थंड पाणी मात्र सोसवत नाही.

असा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो तेव्हा त्याचे हिमोग्लोबिन नेहमीइतकेच असते आणि एक्स-रेतही नवे काही दिसत नाही. त्याला नेहमीचे इंजेक्शन दिले जाते, त्याचा उपयोग होत नाही म्हणून तो पुन्हा येतो आणि दोन-तीन खेपांनंतर ‘याला इंजेक्शनची सवय लागली आहे’ असा शेरा, कागदावर नसला तरी बोलण्यात, येतो. खरे तर क्रायसिसची वेदना मोजणारी रक्ततपासणीही अस्तित्वात नाही. तिथे आपण रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवतो, तर इथेही ठेवायला हवा.

वेदना दहापैकी किती, एवढेच विचारून हा फरक कळत नाही. ‘डीएन-४’ नावाची एक सोपी प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात सात गोष्टी रुग्णाला विचारायच्या आणि तीन त्वचेवर स्पर्श, टोचणी व मऊ ब्रश यांनी तपासायच्या असतात. दहापैकी चार किंवा अधिक गुण आल्यास चेताजन्य, म्हणजे चेतासंस्थेतील बिघाडातून येणाऱ्या, वेदनेची शंका घ्यायची. ती खास सिकलसेलसाठी तयार केलेली नाही, त्यामुळे तिच्यावरून लगेच निदान करू नये. पण यंत्राशिवाय काही मिनिटांत उपकेंद्रातही होणारी ही तपासणी रुग्णाच्या नोंदपत्रात यायला काहीच हरकत नसावी.

शंका आल्यावर दुसरी कारणे तपासणे आवश्यक आहे, आणि आपल्या भागात त्याला विशेष अर्थ आहे. सिकलसेलच्या रुग्णांना फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर या गोळ्यांमुळे रक्तातील तिची चिन्हे झाकली जातात आणि चेतांची हानी मात्र चालूच राहते. पूर्व विदर्भात बधिर चट्टा दिसला, तर कुष्ठरोग आधी डोळ्यांसमोर यायला हवा. मधुमेहाची शंका असल्यास एचबीए-१सी या रक्तातील सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीवर विसंबू नये, कारण सिकलसेलमध्ये लाल पेशींचे आयुष्यच कमी असल्याने तिचा आकडा फसवा येतो. अचानक हातापायातील शक्ती गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर प्रश्नावली बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे. तो पक्षाघात असू शकतो, आणि या आजारात तो लहान मुलांनाही होतो.

उपचारांचेही तसेच आहे. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन ही औषधे चेताजन्य वेदनेवर इतर आजारांत दीर्घकाळ वापरली जात आहेत. सिकलसेलमधील त्यांच्या परिणामांचा पुरावा अजून तोकडा असला, तरी योग्य रुग्णात ती देऊन पाहण्यास आधार आहे. शेवटची दोन औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे अनेकदा आधीच दुखावलेली असतात, म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिन ही रक्ततपासणी पाहूनच मात्रा ठरवावी. याच कारणासाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके पुन्हा पुन्हा टोचण्याचाही फेरविचार व्हावा. क्रायसिस कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मात्र चालूच ठेवायचे. त्याचे काम वेगळे आहे आणि वरील चेताजन्य वेदनेची औषधे त्याची जागा घेत नाहीत.

आरोग्य विभागाने सिकलसेलच्या नोंदपत्रात वेदनेच्या प्रकारासाठी एक रकाना वाढवावा, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना डीएन-४चे प्रशिक्षण द्यावे आणि चेताजन्य वेदनेच्या वरील चार औषधांपैकी किमान दोन ग्रामीण रुग्णालयाच्या औषधसाठ्यात नियमित उपलब्ध ठेवावीत, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी,
चंद्रपूर