दयाळाचे कौतुक, मग वटवाघळांवर फटाके का?

माननीय संपादक महोदय,

बीड जिल्ह्यातील आमच्या गावच्या वेशीवरील जुन्या वडावर मोठी फळभक्षी वटवाघळे शेकड्याने लटकलेली असतात आणि शेजारच्या पडक्या वाड्याच्या भिंतीतील भोकात दयाळाची जोडी दरवर्षी घरटे करते. उजाडण्यापूर्वीची दयाळाची शीळ ऐकून माणसे पाणी भरता भरता थांबतात. वटवाघळांना मात्र अशुभ ठरवून त्यांच्याखाली फटाके फोडले जातात, याचे फार वाईट वाटते.

दयाळाची मादी एका विणीत बहुधा चार-पाच अंडी घालते; वटवाघळाच्या मादीला मात्र साधारणपणे वर्षाला एकच पिल्लू होते, त्यामुळे उजाड झालेली वसाहत पुन्हा भरायला अनेक वर्षे लागतात. दयाळ अंगणातले किडे टिपतो, तर वटवाघूळ रात्रीतून कित्येक किलोमीटर उडून वड-उंबराच्या बिया दूरवर पसरवते. त्याला दिसत नाही, हा समजही चुकीचा आहे, कारण ही जात प्रतिध्वनीवर नव्हे, तर डोळ्यांवर आणि नाकावर विसंबते.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी एक मादी छातीला बिलगलेल्या पिल्लाला एका पंखाने झाकून दुसऱ्या पंखाने वारा घालत होती. तेवढ्यात खाली फटाक्यांची माळ लागली.

वन्यजीव कायद्यातील ज्या उपद्रवी प्राण्यांच्या यादीत फळभक्षी वटवाघळे होती, ती यादीच 2022च्या दुरुस्तीने रद्द झाली आहे. बागायतदारांचे नुकसान होते, हे मान्यच आहे. परंतु वेशीवरच्या वडावर कोणाचीही बाग नाही. निदान पिल्लांच्या दिवसांत तरी ग्रामपंचायतींनी तेथे फटाके बंद करावेत.

– एक वाचक, जि. बीड