जोखीम म्हणजे निदान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील ‘जनुक सापडले, विस्मरण टळणार’ हा लेख मी दोनदा वाचला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांवरील जनुकीय संशोधनाला आपण एवढी जागा दिलीत, याबद्दल आभार. परंतु ‘लाळेच्या एका नमुन्यावरून आपल्याला अल्झायमर होणार की नाही हे आता कळू शकते’ हे त्यातील विधान चुकीचे आहे, आणि अशाच एका विधानाची किंमत आमच्या घराने मोजलेली असल्यामुळे मला गप्प बसवत नाही.

आमच्या आईला अल्झायमर होता. शेवटची ४ वर्षे ती आम्हा दोघी बहिणींना ओळखत नव्हती. ती गेल्यानंतर वर्षभराने माझ्या धाकट्या बहिणीने असाच एक लेख वाचून, घरात कोणालाही न सांगता, एका प्रयोगशाळेकडे लाळेचा नमुना पाठवला. काही आठवड्यांनी ई-मेलवर अहवाल आला. अल्झायमरच्या जोखमीशी संबंधित एपीओई जनुकाच्या (आई आणि वडील यांच्याकडून त्याची एकेक प्रत आपल्याला मिळते) ‘ई४’ या प्रकाराची एक प्रत आढळल्याची नोंद त्यात होती आणि तिच्यापुढे लाल अक्षरांत ‘जोखीम अधिक’ एवढेच छापलेले होते. त्याचा अर्थ समजावून सांगायला ना डॉक्टर होते, ना समुपदेशक. दिलेल्या क्रमांकावर तिने फोन केला, तेव्हा अहवाल उघडतो आहे ना, इतकीच चौकशी झाली. त्या रात्री ती मला म्हणाली, ‘‘ताई, आईसारखंच माझंही होणार गं.’’ तेव्हा ती ४३ वर्षांची होती. पुढची दोन वर्षे एखादे नाव चटकन आठवले नाही, गॅस बंद केला की नाही अशी शंका आली, की ती वहीत तारीख घालून लिहून ठेवत असे.

अखेर एका मेंदूविकारतज्ज्ञांनी तासभर बसून तिला जे सांगितले, ते आपल्या लेखात चार ओळींत सांगता आले असते. ई४ आणि अल्झायमर यांचा संबंध १९९३ साली समोर आला. एक प्रत असल्यास आजाराची शक्यता साधारणपणे दोन ते तीन पटींनी वाढते आणि दोन प्रती असल्यास त्याहून बरीच अधिक, पण हे प्रमाण लोकसमूहानुसार बदलते. एक प्रत असलेल्या असंख्य व्यक्तींना हा आजार कधीच होत नाही आणि तो झालेल्या अनेकांकडे ई४ची एकही प्रत नसते. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेले जेम्स वॉटसन यांनी २००७ साली स्वतःचा संपूर्ण जनुकक्रम खुला केला, तेव्हा एपीओईची माहिती मात्र त्यांनी वगळायला लावली. ती त्यांना स्वतःलाही नको होती. ‘नको’ म्हणण्याचा हा पर्याय आपल्याला आहे, हे माझ्या बहिणीला कोणी सांगितलेच नव्हते.

हालचाली आणि बुद्धी यांवर परिणाम करणाऱ्या हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराची गोष्ट वेगळी. तेथे एकाच जनुकातील दोष पुरेसा असतो आणि आई किंवा वडील बाधित असतील, तर प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. आणि नेमक्या याच आजारात, लक्षणे दिसण्यापूर्वीच्या चाचणीच्या आधी आणि नंतरही समुपदेशन व्हावे, असे आंतरराष्ट्रीय संकेत १९९४पासून आहेत. जेथे उत्तर जवळजवळ निश्चित आहे तेथे इतकी काळजी, आणि जेथे उत्तर केवळ शक्यतेचे आहे तेथे एक ई-मेल, हे मला आजही समजत नाही.

लेखात ‘चमत्कार’ म्हणून उल्लेखलेल्या कोलंबियातील स्त्रीबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. तिच्या कुळात प्रेसेनिलिन-१ या जनुकातील बदलामुळे चाळिशीतच स्मृती ढासळू लागते. तिची मात्र सत्तरीपर्यंत बऱ्यापैकी शाबूत राहिली. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या दोन प्रथिनांपैकी अमिलॉइड तिच्या मेंदूत भरपूर साचले होते, पण टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा फैलाव कमी होता, आणि तिच्याकडे एपीओईच्याच ‘क्राइस्टचर्च’ नावाच्या दुर्मीळ बदलाच्या दोन प्रती होत्या. २०१९ साली हे प्रसिद्ध झाल्यापासून हे संरक्षण औषधातून देता येईल का, याचा शोध सुरू आहे. एका जनुकाचा घातक परिणाम दुसरे जनुक लांबणीवर टाकू शकते, ही त्यातली खरी बातमी. ती एका शब्दाखाली दडपली गेली.

मी संशोधनाच्या विरोधात नाही. एसओडी-१ जनुकातील दोषामुळे होणाऱ्या एएलएस या, स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मज्जाविकारासाठी टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. अल्झायमरवरील लेकानेमॅबसारखे औषध देण्यापूर्वी एपीओई तपासण्याचा सल्ला दिला जातो, कारण ई४च्या दोन प्रती असलेल्यांना मेंदूत सूज व रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो. तेथे त्या चाचणीला प्रयोजन आहे आणि अर्थ सांगणारा डॉक्टर समोर असतो.

आणखी एक तक्रार. याच लेखाच्या खाली ‘स्मरणशक्ती दुप्पट’ करणाऱ्या चूर्णाची जाहिरात होती. घाबरलेला वाचक जेथे थांबतो, त्याच जागी ती छापली जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.

बहिणीने ती वही मागच्या वर्षी माळ्यावर टाकली होती. काल सकाळी आपला लेख वाचून तिने मला विचारले, ‘‘काढू का गं परत?’’ म्हणून विनंती आहे, की त्या विधानाची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी.

आपली,
एक नियमित वाचक